पाठीचा कणा असलेले समुद्रातील प्राणी
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पाचव्या दिवसाचा पाठ घेताना शिक्षकाची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. फळ्यावर खाली पाणी, पाण्यात मासे आणि वर पक्षी एवढे चित्र काढून होते, आणि मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारतो, "गुरुजी, देवमासा हा मासा आहे का?" त्याच्या शेजारचा लगेच विचारतो, "आणि कासव?" शिक्षक म्हणतात, "पाण्यात राहतात ना? मग झाले तर." हे उत्तर सोयीचे आहे, पण बरोबर नाही. मूळ वचनातही समुद्रातील प्रचंड प्राणी आणि पाण्यात वळवळणारे इतर जीव यांचा उल्लेख वेगवेगळा केलेला आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

देवमाशाच्या बाबतीत घोळ आपल्या भाषेनेच केला आहे, कारण नावातच मासा बसला आहे. योनाच्या गोष्टीतही तेच होते. चित्रांच्या पुस्तकांत योनाला गिळणारा प्राणी हटकून देवमासा काढलेला असतो. इब्री शास्त्रलेखात मात्र फक्त 'मोठा मासा' इतकेच आहे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात हीच गोष्ट आली आहे, तेथे ग्रीक शब्द 'केटॉस' असा आहे आणि त्याचा अर्थ कोणताही अजस्र जलचर. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी देवमासे आणि डॉल्फिन यांच्या गणाला याच शब्दावरून 'सिटेशिया' हे नाव दिले. म्हणजे शास्त्रज्ञांनी नाव पवित्र शास्त्रातील शब्दाशी जुळणारे घेतले खरे, पण योनाचा मासा कोणता होता हे त्यावरून ठरत नाही. वर्गात तो वाद वाढवू नये.

आता मूळ विषयाकडे येऊ. ज्यांच्या पाठीत कणा आहे त्या प्राण्यांना पृष्ठवंशी म्हणतात. खेकडा, कोळंबी, तिसऱ्या, माकूल, जेलीफिश यांना कणा नाही. समुद्रात संख्येने हेच पुष्कळ अधिक आहेत. कणावाल्यांत सर्वांत मोठा समाज माशांचा. जगात माशांच्या सुमारे ३५ हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून काही अधिक खाऱ्या पाण्यात राहतात. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, बोंबील, वाम हे सारे हाडांचे मासे. मोरी (म्हणजेच मुशी) आणि पाकट यांच्या अंगात मात्र हाड असे नसतेच. त्यांचा सांगाडा आपल्या कानाच्या पाळीसारख्या कूर्चेचा असतो. म्हणून मोरीचे कालवण लहान मुलांना निर्धास्त वाढता येते, काटा घशात अडकत नाही. गृहिणींना हा भेद प्राणिशास्त्राच्या पुस्तकाच्या फार आधीपासून ठाऊक आहे.

माशांखेरीज समुद्रात सरपटणारे प्राणी आहेत. सागरी कासवांच्या जगात ७ जाती, त्यांपैकी ५ भारताच्या समुद्रात आढळतात. समुद्री सापांच्या साठांहून अधिक जाती आहेत. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते आणि बहुतेक जाती अंडी न घालता पाण्यातच पिल्ले देतात. मालवणकडच्या जाळ्यांत ते नेहमी सापडतात. गालापागोस बेटांवर समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारा एक सरडाही आहे. कुरव, सुरय, पेंग्विन असे सुमारे साडेतीनशे जातींचे पक्षी आपले पोट समुद्रावर भरतात. सस्तन प्राण्यांत देवमासे, डॉल्फिन, सील आणि समुद्रगाय. बेडकांच्या कुळाला तेवढा समुद्र मानवला नाही. पूर्व आशियात खाजणाच्या खारट पाण्यात टिकणारा एक बेडूक आहे, पण भर समुद्रात राहणारा एकही नाही.

मुलांना भेद समजावण्याची सोपी खूण म्हणजे श्वास. मासा कल्ल्यांनी पाण्यातलाच प्राणवायू घेतो. कासव, साप, डॉल्फिन आणि देवमासा यांना फुप्फुसे आहेत, त्यांना वर यावेच लागते. जाळ्यात अडकलेला बांगडा पाण्याबाहेर काढल्यावर मरतो, पण त्याच जाळ्यात अडकलेले कासव पाण्याखालीच गुदमरून मरते. ही गोष्ट एकदा कळली की ट्रॉलरच्या जाळ्याला कासवासाठी सुटकेची खिडकी का ठेवावी लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंदूर, हैद्राबाद अथवा ग्वाल्हेरच्या वाचकांना हे सारे लांबचे वाटेल. परंतु ग्वाल्हेरहून चंबळ काही फार दूर नाही, आणि चंबळेत जो सूस उसळी मारून श्वास घेतो तो डॉल्फिनच्याच कुळातला. गढूळ पाण्यात राहून त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे आणि तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतो. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले.

नावे व प्रकार इतके पुरे. खरा प्रश्न असा की हे प्राणी समुद्रात करतात काय? आपण त्यांच्याकडे ताटातला जिन्नस किंवा चित्रातला चमत्कार म्हणून पाहतो. प्रत्यक्षात त्यांच्यातील पुष्कळजण समुद्राची अशी कामे करतात की ती दुसऱ्या कोणाकडून होत नाहीत, आणि काम थांबल्याशिवाय ते काम होते हेच आपल्याला कळत नाही.

पोपट मासा घ्या. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि खडकाचा भुगा वाळूच्या रूपाने मागे सोडतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोवती संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा तिथल्या खडकावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांनी केलेली आढळली. मालदीव आणि आपले लक्षद्वीप हे समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर वसले आहेत. पांढऱ्याशुभ्र वाळूचे फोटो काढणाऱ्यांना ती वाळू कोणाच्या पोटातून आली हे सहसा कोणी सांगत नाही.

तारलीचे काम याहून साधे. ती सूक्ष्म वनस्पती व जीव खाते आणि स्वतः सुरमई, डॉल्फिन, समुद्रपक्षी आणि माणूस यांचे अन्न होते. सूक्ष्म जीवांचे अन्न मोठ्यांच्या तोंडी लागेल अशा रूपात आणणारी ही समुद्रातली जणू चक्कीच. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. समुद्राचे बदललेले तापमान आणि पिल्ले वाढण्यापूर्वीच ती उपसणारी बारीक जाळी, अशी दोन्ही कारणे सांगितली जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती अंडी घालणाऱ्या माशांना उसंत मिळावी म्हणून. बाजारात मासे महागले की आपण या बंदीला दूषण देतो.

देवमाशाच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ते फार उशिरा उमगले. निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत वाढतो, आणि त्याचे अन्न म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव. तो खोल जाऊन खातो, श्वासासाठी वर येतो, आणि विष्ठा पृष्ठभागाजवळ टाकतो. त्या विष्ठेत लोह असते. दक्षिण महासागराच्या पाण्यात इतर खत पुष्कळ असले तरी लोहाची टंचाई आहे, आणि लोह मिळाले की सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांच्यावरच क्रिल जगतो. पृथ्वीवरच्या वनस्पती जेवढा प्राणवायू निर्माण करतात त्यातला सुमारे निम्मा समुद्रातील या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. थोडक्यात, शेतकरी जसा शेणखत शेतात परत घालतो तसे देवमासा खालचे वर आणून घालत होता.

विसाव्या शतकात माणसाने जगभरात सुमारे २९ लाख देवमासे मारले. त्या वेळी हिशेब असा होता की, खाणारा गेला म्हणजे क्रिल वारेमाप वाढेल आणि तोही आपल्यालाच मिळेल. तसे झाले नाही. क्रिल अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, दक्षिण अटलांटिकच्या बाजूस तर तो घटला. समुद्रावरचे बर्फ कमी झाल्याचाही यात वाटा आहे, सगळा दोष एकाच कारणावर टाकता येणार नाही. तरी खाणारा हाच खत घालणारा होता, हे त्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

ही फक्त दक्षिण ध्रुवाकडची गोष्ट नव्हे. आपल्या अरबी समुद्रात कुबडा देवमाशाचा एक कळप आहे. इतरत्र हे देवमासे उन्हाळ्यात थंड समुद्राकडे आणि हिवाळ्यात उष्ण समुद्राकडे जातात, पण हा कळप बारमाही येथेच राहतो, येथेच खातो आणि येथेच वितो. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या समुद्रात अशा २४२ देवमाशांची बेकायदा शिकार केली. ही गोष्ट पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर उघड झाली. आज ओमानच्या बाजूला शंभरांहूनही कमी उरले असावेत असा अंदाज आहे. व्यापारी शिकारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आली, ती या कळपाला वीस वर्षे उशिरा लाभली.

देवमासा मेल्यावरही कामाला येतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समोर सुमारे १,२०० मीटर खोलीवर शास्त्रज्ञांना पाणबुडीतून एका देवमाशाचा सांगाडा दिसला. जेथे अन्न जवळजवळ पोचतच नाही अशा त्या अंधारात हाडांच्या चरबीवर जीवांची एक वसाहतच जगत होती.

आता या पाठाचा मुख्य भाग. शिक्षकांनी वेळ कमी असल्यास बाकीचे सोडून एवढाच घ्यावा.

उथळ समुद्राच्या तळाशी गवत उगवते. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात आणि फुलेही येतात. कच्छचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप येथे त्याची कुरणे आहेत. ते गाळ धरून ठेवते, कर्ब साठवते आणि अनेक माशांची पिल्ले त्यात वाढतात. या कुरणांत चरणारे दोन मोठे प्राणी म्हणजे समुद्रगाय आणि हिरवे कासव. (निवासमंडपाच्या आच्छादनासाठी 'तहश' नावाच्या प्राण्याचे कातडे वापरल्याचा उल्लेख निर्गमात आहे. तांबड्या समुद्रात समुद्रगाय आढळते, म्हणून तहश म्हणजे तीच असावी असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते मान्य नाही.) भारतात समुद्रगायी आता थोड्याच, काही शेकड्यांत, उरल्या आहेत. तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात त्यांच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. त्यांची एक प्रचंड चुलत बहीण उत्तर पॅसिफिकमधील कमांडर बेटांपाशी राहत असे. १७४१ मध्ये जॉर्ज स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने तिला पाहून तिचे वर्णन लिहिले आणि १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी ती संपवली. ओळख होऊन अवघी सत्तावीस वर्षे.

हिरव्या कासवाला मात्र आपल्याकडे संरक्षण मिळाले. लक्षद्वीपमध्ये पूर्वी कासवाचे तेल होड्यांना लावीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकार थांबली आणि कासवे वाढली. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्यात, ती मोठ्या संख्येने चरू लागली. इतकी की काही वर्षांत गवत तळापर्यंत खुरटले. तेथील कोळी तक्रार करू लागले की कासवांनी आमची मासळी घालवली. संशोधकांनी तपासले तेव्हा गवताबरोबर त्यातले मासेही कमी झालेले आढळले. गवत संपल्यावर कासवे दुसऱ्या बेटांकडे वळली.

मग कासवाला वाचवणे चुकले काय? याचे उत्तर दूर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाच्या उपसागरात सापडते. तेथेही गवत आहे, कासवे आहेत, समुद्रगायी आहेत, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या टायगर शार्क मोऱ्याही आहेत. अनेक वर्षांच्या निरीक्षणात असे दिसले की जेथे मोरीचे भय अधिक तेथे चरणारे फार वेळ थांबत नाहीत, थोडे खाऊन पुढे जातात. त्यामुळे गवताला पुन्हा फुटायला अवधी मिळतो. प्रत्येक कासव मोरीच्या तोंडी जाते असे नाही, धाक पुरतो. धनगर मेंढरे एका माळावर फार दिवस ठेवीत नाही, तसेच काहीसे हे काम. लक्षद्वीपच्या पाण्यात मोठ्या मोऱ्या कमी झाल्या आहेत आणि कासवे एकाच जागी बसून चरण्याचे ते एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात.

आपल्याला कासव आवडते. ते गरीब दिसते, त्याची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला माणसे मुंबई-पुण्याहून येतात. मोरी कोणाला आवडत नाही, ताटात सोडून. परंतु समुद्राच्या हिशेबात कासव हवे तर मोरीही हवी. खुल्या महासागरातील मोऱ्या आणि पाकटे १९७० ते २०१८ या काळात सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तारली हजारोंनी अंडी घालते, तिचा साठा घसरला तरी अनुकूल वर्षांत सावरू शकतो. बहुतेक मोऱ्या वयात यायलाच कित्येक वर्षे लावतात आणि एका खेपेस थोडीच पिल्ले देतात. बाजारात टोपलीभर वीतभर मोऱ्या दिसतात, त्यांत काही जाती मुळातच लहान असतात, पण बऱ्याच मोठ्या जातींची पिल्ले असतात.

बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची चाल किनाऱ्यावर जुनी आहे. आज्यांचा अनुभव मी खोडून काढू इच्छित नाही. पण मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, आणि गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी मोरी टाळावी असाच सल्ला आज वैद्यकशास्त्र देते. मंडळीतील स्त्रियांच्या सभेत ही गोष्ट जरूर सांगावी. बांगडा आणि तारली त्यांना चालतात, आणि त्या स्वस्तही आहेत.

माणसाची चाल बदलत नाही असे कोणी म्हणेल, तर त्यास गुजरातचे उदाहरण द्यावे. वडोदऱ्याच्या वाचकांनी ते ऐकले असेल. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असला तरी तो देवमासा नव्हे, मोरीच आहे, आणि सूक्ष्म जीव गाळून खाणारी अगदी निरुपद्रवी मोरी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तिची शिकार होत असे. यकृताचे तेल होड्यांना लावीत आणि मांस परदेशी जाई. २००१ मध्ये तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. पण कायदा गांधीनगर-दिल्लीत आणि मासा समुद्रात! २००४ पासून संस्थांनी गावोगाव सांगायला सुरुवात केली. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला लेकीची उपमा दिली : बाळंतपणासाठी लेक माहेरी येते, तिला कोणी मारते काय? 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव रुळले. ज्या खारव्यांनी आधी तिला मारले, त्यांनीच पुढे स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिल्या. फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली हेही सांगितले पाहिजे, कारण जाळे म्हणजे कोळ्याच्या घरचे वर्षाचे धान्य. ते कापायला सांगणारे पुष्कळ, भरून देणारे थोडे. ही मोहीम यशस्वी झाली ती कोळ्याला गुन्हेगार न ठरवता त्याच्या ओसरीवर जाऊन बसल्यामुळे, असे माझे मत आहे.

आपल्या कोकणातही अशीच गोष्ट घडली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला आरंभ केला. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथेही हे काम चालते. एक मादी शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरून निघून जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू उबदार असेल तर अधिक माद्या, थंड असेल तर अधिक नर होतात. उन्हाळे तापत चालले आहेत, तेव्हा ही साधी बाब नाही.

पूर्वी असे मानीत की ओडिशाची कासवे निराळी आणि कोकणची निराळी. २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे एका मादीच्या पंखाला ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावण्यात आली होती. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे ओडिशात एखाद्या ट्रॉलरने सुटकेची खिडकी बसवली नाही, तर गुहागरचे एक घरटे कमी होऊ शकते.

वर्ग घेताना शिक्षकांनी एक अखंड बांगडा आणि मोरीचा एक तुकडा आणावा. उकडून मांस सोडवले की दोघांचे कणे मुलांना हाताने चाचपता येतात, एक टोचतो, दुसरा वाकतो. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी सुकी मोरी आणि सुका बांगडा आणला तरी चालेल, फक्त वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मोठ्या मुलांच्या वर्गात अगत्तीची गोष्ट सांगून दोन बाजू पाडाव्यात. एका बाजूने कोळ्याची तक्रार मांडावी, दुसरीने कासवाचा पक्ष घ्यावा, आणि मोरीच्या वतीने बोलायला एखादा आपणहून उठतो काय ते पाहावे. अर्धा तास बोलू द्यावे. उत्तर फळ्यावर लिहून देऊ नये.